इरी सरोवरातील शेवाळ, दोन देशांचा करार आणि शेतातून वाहून जाणारे स्फुरद

डीएपीची ५० किलोची गोणी घेतली की त्यात २३ किलो स्फुरद (पी२ओ५ स्वरूपात) मिळते, हे आपल्याला माहीत आहे. मूळ फॉस्फरसच्या हिशेबात ते साधारण १० किलो भरते. यातले एखादे किलो पावसाबरोबर वाहून गेले, तर पिकाला फरक जाणवत नाही, उत्पादनात दिसत नाही आणि खिशालाही फारसे लागत नाही. मात्र हेच एक किलो फॉस्फरस तलावात पोहोचले, तर सुमारे पाच कोटी लिटर पाण्यातील फॉस्फरसचे प्रमाण लिटरला ०.०२ मिलिग्रॅमने वाढू शकते. साचलेल्या पाण्यात शेवाळ माजायला एवढी पातळी पुरेशी असते.

पिकाच्या दृष्टीने नगण्य आणि पाण्याच्या दृष्टीने मोठे, असे हे प्रमाण आहे. ही अडचण सर्वांत स्पष्ट दिसते ती अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील इरी सरोवरात. सामायिक पाण्याचे प्रदूषण रोखण्यासाठी या दोन देशांनी शंभर वर्षांहून अधिक काळ एकत्र काम केले आहे. त्यात मोठे यश आले आणि नंतर गाडी शेताच्या बांधाशी येऊन अडली. ती का अडली आणि आपल्या खत व्यवस्थापनासाठी त्यातून काय घेता येईल, ते या लेखात पाहू.

इरी सरोवर लवकर का बिघडते?

अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये गोड्या पाण्याची पाच महासरोवरे आहेत. त्यांपैकी चार सरोवरांतून दोन्ही देशांची सीमा जाते. इरी हे त्यांतले सर्वांत उथळ सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर आहे, पण सरासरी खोली केवळ १९ मीटर. पश्चिमेकडचा भाग तर सरासरी सात-साडेसात मीटरच खोल आहे. उथळ पाणी उन्हाळ्यात लवकर तापते, आणि ऊन व पोषणद्रव्ये एकत्र आली की शेवाळ झपाट्याने वाढते. या सरोवराचे पाणी दोन्ही देशांतील एक कोटीहून अधिक लोक पितात.

पश्चिम भागाला मिळणारी मुख्य नदी मॉमी. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे १७ लाख हेक्टर आहे आणि त्यातला बहुतांश भाग शेतीखाली आहे. मका, सोयाबीन आणि गहू ही तिथली प्रमुख पिके. या पट्ट्यात पूर्वी मोठी दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकून ती कोरडी करण्यात आली. आज ही जमीन अतिशय सुपीक मानली जाते, पण शेतातले जादा पाणी आजही जमिनीखालच्या पाइपमधूनच बाहेर काढावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

१९०९ चा करार: शेजाऱ्याच्या पाण्यात घाण नको

११ जानेवारी १९०९ रोजी अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांनी सीमेवरील पाण्याबाबत करार केला. त्याचा मुख्य भर पाण्याची पातळी, बंधारे, वीज आणि जलवाहतूक यांवर होता. तरी त्याच्या चौथ्या कलमात एक महत्त्वाची अट होती. सीमेवरचे किंवा सीमा ओलांडून जाणारे पाणी एका बाजूने असे दूषित करू नये, की दुसऱ्या बाजूच्या लोकांच्या आरोग्याला किंवा मालमत्तेला इजा होईल.

या करारातून दोन्ही देशांचा संयुक्त आयोग तयार झाला. आयोगात सहा सदस्य असतात, तीन अमेरिकेचे आणि तीन कॅनडाचे. सरकारांनी सोपवलेल्या प्रश्नाचा अभ्यास करून शिफारस करणे हे त्याचे एक प्रमुख काम. प्रदूषणाच्या बाबतीत आयोग थेट दंड करू शकत नाही. तरीही त्याचा मोठा उपयोग झाला. मोजणी आणि अभ्यास दोन्ही देशांचे तज्ज्ञ एकत्र बसून करतात, त्यामुळे ‘तुमचे आकडे चूक, आमचे बरोबर’ या वादाला फारशी जागा उरत नाही.

सुरुवातीची चिंता विषमज्वराची होती. शहरे सांडपाणी नदीत सोडत आणि खालची शहरे तेच पाणी पीत. आयोगाने १९१२ पासून अभ्यास करून १९१८ मध्ये अहवाल दिला. नंतर पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकण्याची पद्धत रूढ झाली आणि साथी आटोक्यात आल्या. सांडपाणी मात्र बराच काळ तसेच वाहत राहिले.

१९७२: पाइपच्या तोंडाशी झालेले काम

१९६० च्या दशकात इरी सरोवराची अवस्था इतकी वाईट झाली की वर्तमानपत्रे त्याला ‘मेलेले सरोवर’ म्हणू लागली. किनाऱ्यावर शेवाळाचे थर सडत होते, तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपत होता. २२ जून १९६९ रोजी सरोवराला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने क्लीव्हलँड शहरात पेट घेतला आणि हा विषय देशभर गाजला.

दोन्ही सरकारांनी १९६४ मध्येच आयोगाकडे अभ्यास सोपवला होता. शेवाळवाढीला आळा घालायचा तर फॉस्फरस कमी करावा लागेल, असा त्याचा निष्कर्ष होता. यावरून वाद झाला, कारण त्या काळी कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट भरपूर असे. कॅनडातील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने १९७३ मध्ये ऑन्टारिओ प्रांतातील एका छोट्या तळ्याच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नत्र टाकले, दुसऱ्या भागात कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरद टाकलेला भाग हिरवागार झाला, दुसरा जवळपास तसाच राहिला. पुढे शंकेला फारशी जागा उरली नाही.

१५ एप्रिल १९७२ रोजी ओटावा येथे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी महासरोवरांच्या पाण्याच्या गुणवत्तेचा करार केला. त्यात ठरले ते असे:

- इरी आणि ऑन्टारिओ सरोवरांत सांडपाणी सोडणाऱ्या मोठ्या शहरी प्रक्रिया केंद्रांच्या पाण्यात फॉस्फरसचे प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत आणायचे.
- धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेट कमी करायचे. कॅनडाने ही मर्यादा देशभर घातली. अमेरिकेत राज्यांनी एकेक करून घातली, ओहायोने तर १९८० च्या दशकाच्या अखेरीस.
- दोन्ही देशांनी मोजणी करायची आणि निष्कर्ष संयुक्त आयोगापुढे ठेवायचे.

१९७८ च्या सुधारित करारात इरी सरोवरासाठी वर्षाला ११,००० टन फॉस्फरस ही मर्यादा ठरली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरोवरात येणारे फॉस्फरस २०,००० टनांच्याही बरेच वर होते. सांडपाणी प्रक्रियेवर दोन्ही देशांनी अब्जावधी डॉलर खर्च केले आणि १९८० च्या दशकात आकडा ठरलेल्या मर्यादेजवळ आला. शेवाळ कमी झाले, मासे वाढले. दोन सरकारांच्या सहकार्याने एवढे मोठे सरोवर सुधारू शकते, याचे हे उदाहरण जगभर सांगितले जाऊ लागले.

हे यश तुलनेने लवकर मिळाले, कारण प्रदूषण पाइपमधून येत होते. पाइपला तोंड असते, मालक असतो आणि त्याच्या तोंडाशी यंत्र बसवता येते.

शेवाळ परत आले

१९९० च्या दशकाच्या मध्यानंतर सरोवराच्या पश्चिम भागात निळ्या-हिरव्या शेवाळाचे थर पुन्हा दिसू लागले. २०११ मध्ये ते विक्रमी प्रमाणात पसरले आणि २०१५ मध्ये तोही विक्रम मोडला. यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात. ते यकृतावर परिणाम करते आणि पाणी उकळूनही नष्ट होत नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतील टोलेडो शहराच्या शुद्ध केलेल्या पाण्यातही हे विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. चार लाखांहून अधिक लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. प्रचंड सरोवराच्या काठावर राहणारे लोक बाटलीबंद पाण्यासाठी रांगा लावत होते.

सांडपाण्याची केंद्रे तर सुधारली होती. मग फॉस्फरस आले कोठून? मॉमी नदीच्या पाण्याची मोजणी ओहायोतील हायडलबर्ग विद्यापीठ १९७० च्या दशकापासून सातत्याने करत आहे. तिच्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, नदीतील बहुतांश फॉस्फरस आता शेतजमिनीतून येते. दुसरी, मातीच्या कणांबरोबर येणारे फॉस्फरस फारसे वाढलेले नाही, पण पाण्यात विरघळलेले फॉस्फरस वाढले आहे. शेवाळ विरघळलेले फॉस्फरस जवळपास पूर्ण वापरते, मातीला चिकटलेल्यापैकी थोडेच.

स्फुरद शेतातून कोणत्या वाटांनी जाते?

स्फुरद जमिनीत स्थिर होते, ते नत्रासारखे झिरपून जात नाही, असे आपण शिकलो आहोत. सर्वसाधारणपणे ते खरे आहे. तरीही ते तीन वाटांनी शेताबाहेर पडते.

१. मातीबरोबर: जोराच्या पावसात वरचा थर धुपला की मातीच्या बारीक कणांना चिकटलेले स्फुरद ओढ्यात जाते.

२. वरच्या पाण्यात विरघळून: खत जमिनीवर फेकलेले असेल आणि मातीत मिसळण्याआधी मोठा पाऊस झाला, तर दाणे विरघळून पाण्याबरोबर निघून जातात.

३. निचऱ्याच्या पाइपमधून: जमिनीतील भेगा, गांडुळांची बिळे आणि जुन्या मुळांच्या पोकळ्या यांतून वरचे पाणी मातीशी फारसा संपर्क न येता थेट खालच्या पाइपपर्यंत पोहोचते. ओहायोतील शेतांवरच्या मोजणीत विरघळलेल्या फॉस्फरसपैकी जवळपास निम्मे या वाटेने जाताना आढळले.

इथे एक अनपेक्षित गोष्ट घडली होती. मातीची धूप थांबावी म्हणून तिथल्या शेतकऱ्यांना बिननांगरणी किंवा कमी मशागतीची शिफारस करण्यात आली. धूप खरोखरच कमी झाली. पण नांगरट थांबली आणि खत मात्र वरून फेकण्याची पद्धत चालू राहिली. परिणामी स्फुरद वरच्या दोन-तीन इंचांत साचत गेले आणि जोराच्या पावसात विरघळून जाऊ लागले. एक वाट बंद करताना दुसरी उघडली. कमी मशागत चांगलीच आहे, पण तिच्याबरोबर खत पेरून देणे आवश्यक आहे, हा त्यातला बोध.

याशिवाय, अनेक शेतांत वर्षानुवर्षे पिकाच्या गरजेपेक्षा जास्त स्फुरद दिले गेले होते. असे साठलेले स्फुरद खत थांबवल्यावरही बरीच वर्षे थोडे थोडे निसटत राहते.

नवा करार, नवे आकडे

७ सप्टेंबर २०१२ रोजी दोन्ही देशांनी १९७२ चा करार पुन्हा सुधारला. त्यात पोषणद्रव्यांसाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडले. त्यानुसार फेब्रुवारी २०१६ मध्ये नवी उद्दिष्टे जाहीर झाली. २००८ च्या तुलनेत फॉस्फरस ४० टक्क्यांनी कमी करायचे. शेवाळ किती वाढेल हे मार्च ते जुलै या काळात नदीतून काय येते यावर ठरते, म्हणून मॉमी नदीसाठी याच पाच महिन्यांची मर्यादा घालण्यात आली. एकूण फॉस्फरस ८६० टन आणि विरघळलेले फॉस्फरस १८६ टन. त्याआधी जून २०१५ मध्ये ओहायो, मिशिगन आणि कॅनडातील ऑन्टारिओ यांनी आपसांत करार करून २०२५ पर्यंत ४० टक्के घट करण्याचे ठरवले होते.

हा आकडा शेताच्या पातळीवर आणून पाहा. ८६० टन भागिले १७ लाख हेक्टर म्हणजे हेक्टरी सुमारे अर्धा किलो. ४० टक्के कपातीआधी तो हेक्टरी ८०० ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे कमी करायचे आहेत हेक्टरी तीनशे-साडेतीनशे ग्रॅम फॉस्फरस, डीएपीच्या भाषेत दीड-पावणेदोन किलो. यात शहरांचा वाटाही धरलेला आहे. एवढ्याशा प्रमाणासाठी दोन देश, दोन राज्ये आणि एक प्रांत वर्षानुवर्षे झटत आहेत.

त्यांनी केलेल्या मुख्य गोष्टी अशा:

- परवाना आणि प्रशिक्षण: ओहायोने २०१४ मध्ये कायदा करून ५० एकरांपेक्षा जास्त क्षेत्रावर खत देणाऱ्यांना प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवणे बंधनकारक केले.
- खत देण्याच्या वेळेवर बंधन: २०१५ च्या कायद्याने पश्चिम इरी खोऱ्यात गोठलेल्या, बर्फाच्छादित किंवा पाण्याने तुडुंब झालेल्या जमिनीवर खत टाकण्यास मनाई केली. बारा तासांत एक इंचापेक्षा (२५ मि.मी.) जास्त पावसाची शक्यता ५० टक्क्यांच्या वर असेल, तर दाणेदार खत वरून टाकता येत नाही. खत जमिनीत गाडले किंवा २४ तासांत मिसळले, तर सूट आहे.
- ऑन्टारिओचा कायदा: तिथे २००२ पासून पोषणद्रव्य व्यवस्थापनाचा कायदा आहे, शेणखताची साठवण आणि वापर त्याखाली येतो.
- खतविक्रेत्यांचा सहभाग: २०१४ पासून या खोऱ्यात ‘योग्य खत, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य जागा’ या चार सूत्रांवर कृषी सेवा केंद्रांना प्रमाणपत्र देण्याची योजना चालू आहे.
- प्रोत्साहन: ओहायोने २०१९ मध्ये सुरू केलेल्या योजनेत माती परीक्षणावर आधारित खत, खत पेरून देणे, आच्छादन पिके आणि पाणथळ जागा यांसाठी शेतकऱ्यांना पैसे दिले जातात.

मग अजून अडले कोठे?

पहिली अडचण कायद्याची. अमेरिकेचा स्वच्छ पाण्याचा राष्ट्रीय कायदा पाइपच्या तोंडाशी परवाना मागतो, पण शेतातून पावसाबरोबर वाहणारे पाणी त्यातून वगळलेले आहे. त्यामुळे बहुतेक उपाय स्वेच्छेचे आहेत. करार दोन देशांत होतो, पण शेतकऱ्यावर बंधन घालायचे की प्रोत्साहन द्यायचे, हे प्रत्येक राज्य आणि प्रांत आपापल्या पद्धतीने ठरवतो.

दुसरी अडचण पावसाची. वर्षाचे बहुतांश फॉस्फरस काही मोजक्या मोठ्या पावसांत निघून जाते. कोरड्या वर्षी मॉमीचा आकडा खाली दिसतो, ओल्या वर्षी पुन्हा मर्यादेच्या वर जातो. त्यामुळे ४० टक्क्यांची घट अजून टिकाऊ झालेली नाही.

तिसरी अडचण साठलेल्या स्फुरदाची. आज खत कमी केले तरी जुना साठा काही काळ निसटणारच.

तरीही चालू हंगामातले खत महत्त्वाचे असते, याचा एक मोठा पुरावा २०१९ मध्ये मिळाला. त्या वसंतात एवढा पाऊस झाला की खोऱ्यातील बऱ्याच शेतांत पेरणीच होऊ शकली नाही आणि खतही पडले नाही. नदीला पाणी भरपूर असूनही विरघळलेले फॉस्फरस अपेक्षेपेक्षा साधारण ३० टक्के कमी निघाले. म्हणजे जुना साठा कितीही असला, तरी या वर्षी आपण खत कसे आणि केव्हा देतो, याचा परिणाम याच वर्षी दिसतो.

आपल्याकडचे सामायिक पाणी

आपल्या नद्याही राज्यांच्या सीमा ओलांडतात. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे कर्नाटकात जाते. भीमा सोलापूर जिल्ह्यातून कर्नाटकात, तर गोदावरी तेलंगणात जाते. या पाण्याच्या वाटपासाठी लवाद झाले, टीएमसीचे आकडे आपल्याला तोंडपाठ आहेत. गुणवत्तेसाठी मात्र असे सर्वांच्या तोंडी असलेले आकडे नाहीत.

कायद्यात सोय आहे. पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम १३ नुसार लगतची राज्ये करार करून संयुक्त मंडळ स्थापन करू शकतात. राज्य मंडळांमध्ये समन्वय साधणे आणि त्यांच्यातील वाद सोडवणे ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जबाबदारी आहे. इरीच्या अनुभवावरून पाहिले, तर अशा व्यवस्थेला सर्वांत आधी लागते ती दोन्ही बाजूंना मान्य असलेली मोजणी.

एक फरक मात्र स्पष्ट ठेवायला हवा. पंचगंगेत दरवर्षी दिसणाऱ्या केंदाळाचा सगळा दोष शेतीवर टाकता येणार नाही. आपल्याकडे शहरांचे आणि कारखान्यांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी हा मोठा स्रोत आहे. अमेरिका आणि कॅनडाने १९७२ नंतर जे काम केले, ते आपल्याकडे अजून बरेचसे बाकी आहे. पण ते झाल्यावरही शेतातले स्फुरद उरतेच, हे इरीने दाखवले आहे. सांगली-कोल्हापूर भागात क्षारपड जमिनीसाठी सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा वाढत आहे, त्या शेतकऱ्यांनी वर सांगितलेल्या तिसऱ्या वाटेकडे विशेष लक्ष द्यावे.

तुमच्या शेतात काय करता येईल?

- माती परीक्षण करूनच स्फुरद द्या. अहवालात उपलब्ध स्फुरद भरपूर असेल, तर शिफारशीप्रमाणे मात्रा कमी करा. दरवर्षी सवयीने डीएपी टाकू नका. अहवालातील आकडा फॉस्फरसचा आहे की पी२ओ५ चा, हे विचारून घ्या. फॉस्फरसला २.२९ ने गुणले की पी२ओ५ मिळते.
- खत फेकू नका, पेरून द्या. पेरणीच्या पिकात दोन चाड्यांची पाभर किंवा खत-बी पेरणी यंत्र वापरा. उसाच्या लागणीत बेसल डोस सरीत देऊन मातीने झाका. खोडव्यात पहारीने छिद्र घेऊन खत द्या. स्फुरद जमिनीत हलत नाही, त्यामुळे मुळाजवळ पडलेले खत पिकालाही जास्त मिळते.
- पावसाचा अंदाज पाहून खत द्या. पुढील एक-दोन दिवसांत जोराचा पाऊस असेल, तर थांबा. हवामान विभागाचा कृषी सल्ला आणि मेघदूत ॲप यांचा वापर करा. जमीन चिबड असताना खत टाकू नका, वाफसा येऊ द्या.
- सेंद्रिय खतातील स्फुरद हिशेबात धरा. कोंबडी खत आणि साखर कारखान्याचे प्रेसमड यांत स्फुरद चांगले असते. ते दिल्यावर रासायनिक स्फुरदाची मात्रा तेवढी कमी करा. ढीग ओढ्याच्या काठावर किंवा उताराच्या तोंडाशी घालू नका.
- खत दिल्यावर मोकाट पाणी देऊ नका. हलके पाणी द्या, सरीच्या शेवटी पाणी चरात जाऊ देऊ नका. ठिबक असेल तर विद्राव्य खते विभागून द्या.
- ओढ्याकाठी गवताचा पट्टा ठेवा. बांधावर आणि ओढ्याच्या कडेला काही मीटर गवत राहू दिल्यास माती आणि तिच्याबरोबरचे स्फुरद तिथेच अडते. उताराला आडवी पेरणी आणि रुंद सरी वरंबा यांमुळेही धूप कमी होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आमच्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद लगेच स्थिर होते. मग ते वाहून कसे जाईल?*
स्थिर झालेले स्फुरद मातीच्या कणांना चिकटलेले असते. माती वाहिली की तेही जाते. शिवाय खत पृष्ठभागावर असेपर्यंत ते स्थिर झालेले नसते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी खोलवर जाते, हेही विसरू नका.

*शेततळ्यात हिरवा तवंग आला आहे. जनावरांना पाणी पाजावे का?*
पृष्ठभागावर रंग सांडल्यासारखा निळसर-हिरवा थर असेल, तर पाजू नका. काही जातींच्या विषाने जनावरे दगावू शकतात. जनावरांना दुसरे पाणी द्या आणि पशुवैद्यकांचा सल्ला घ्या. तळ्यात येणारे शेतातले व गोठ्यातले पाणी वळवा.

*माझ्या दोन एकरांनी नदीला काय फरक पडणार?*
मॉमी खोऱ्याचा हिशेब पुन्हा पाहा. तिथला सगळा प्रश्न हेक्टरी तीनशे-साडेतीनशे ग्रॅम फॉस्फरसचा आहे. असा प्रश्न एका मोठ्या प्रकल्पाने सुटत नाही, तो प्रत्येक शेतात थोडा थोडाच सुटतो. आणि खत पेरून दिल्याचा फायदा नदीच्या आधी तुमच्या पिकाला मिळतो.

थोडक्यात

- अमेरिका आणि कॅनडाने १९०९ आणि १९७२ च्या करारांतून समान नियम, समान मोजणी आणि ठरलेली मर्यादा आणली. पाइपमधून येणारे फॉस्फरस त्यामुळे आटोक्यात आले.
- शेतातून येणारे विरघळलेले फॉस्फरस या करारांना अजून पुरते आवरता आलेले नाही. तिथला निर्णय शेतकऱ्याच्या हातात आहे.
- खत पेरून देणे, माती परीक्षणाप्रमाणे मात्रा ठरवणे आणि मोठ्या पावसाआधी खत न टाकणे, या तीन गोष्टींचा परिणाम त्याच हंगामात दिसतो.
- येत्या हंगामात खत खरेदी करण्याआधी मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. डीएपी किती घ्यायचे हे अहवाल पाहून ठरवा.